बंद नाक आणि रात्रीचे यंत्र

मनुष्याच्या शरीरात ज्या अवयवांची आपण फारशी विचारपूस करीत नाही, त्यांत नाकाचा क्रम बराच वरचा लागेल. डोळे अधू झाले की आपण चष्मा करतो, दाढ दुखू लागली की दातांच्या डॉक्टरांकडे धावतो. नाक चोंदले तर मात्र ‘सर्दी झाली असेल’ असे म्हणून कूस बदलतो. परंतु अलीकडे आपल्या गावांतून अशी काही माणसे आढळू लागली आहेत, की ज्यांचे नुसती कूस बदलून भागत नाही. रात्री निजताना ती तोंडावर मास्क बांधतात. उशाशी ठेवलेले एक लहानसे यंत्र नळीवाटे त्यांच्या नाकात हवा सोडीत राहते, आणि त्या हवेच्या आधारावरच त्यांची झोप व पुष्कळ अंशी त्यांचे आरोग्यही अवलंबून असते. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक आहे, आणि म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस तो करीत आहे.

या यंत्रास ‘सीपॅप’ म्हणतात. घोरणारा माणूस गाढ झोपला आहे अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. वस्तुतः पुष्कळदा गोष्ट उलट असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, घोरणे एकाएकी थांबते आणि काही सेकंद सारे शांत होते. रक्तातील प्राणवायू कमी होऊ लागतो. तेव्हा मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठा सुस्कारा टाकून पुन्हा श्वास घेऊ लागतो, आणि सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. या विकाराला ‘स्लीप ॲप्निया’ असे नाव आहे. श्वास अडण्याचे किंवा फार मंद होण्याचे असे प्रसंग तासाला ५ ते १५ वेळा आले तर विकार सौम्य, १५ ते ३० वेळा आले तर मध्यम, आणि ३० च्या वर गेले तर तीव्र समजतात. अशा माणसाला दिवसा गुंगी येते, रक्तदाब वाढतो, स्मरण मंदावते. तो शेतात असो, कचेरीत असो वा वाहनाच्या चाकामागे असो, झोप त्याला वेळ-काळ न पाहता गाठते.

१९८१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. नाकावाटे सतत मंद दाबाची हवा सोडली तर घशाची वाट मिटत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. आजचे यंत्र त्याच कल्पनेचे सुधारलेले रूप आहे. त्याचा दाब फार मोठा नसतो. साधारणपणे पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. तंबू उभा राहावा म्हणून आत जसा खांब लावतात, तसाच हा हवेचा खांब घशाला आतून आधार देतो.

आता ज्या अडचणीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे वळू. यंत्र मिळाले, मास्क बसला, पहिल्या काही रात्री बऱ्या गेल्या. आणि मग एके रात्री दोन वाजता माणूस जागा होतो तो नाक गच्च बंद झालेले असते. हवा आत शिरत नाही, तोंड उघडावे तर घसा कोरडा पडतो, मास्क ओढून काढावासा वाटतो. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. अखेर ‘हे यंत्र मला मानवत नाही’ असा निवाडा होतो आणि यंत्र कपाटात जाते. ज्यांनी हा उपचार सोडला त्यांना कारण विचारले, तर चोंदलेले नाक आणि सुकलेला घसा ही कारणे वारंवार ऐकू येतात. वाचकहो, माझे सांगणे एवढेच आहे, की हा निवाडा देण्याची घाई करू नये. बहुधा नाक हवेला नकार देत नसते. त्या हवेबरोबर पुरेसे पाणी आणि पुरेशी ऊब मागत असते. आणि ती मागणी पुरी करण्याची सोय यंत्रातच केलेली असते.

हे समजण्यासाठी नाकाचा रोजचा उद्योग पाहिला पाहिजे. नाकाच्या आतील भिंतींवर हाडांच्या वळकट्या असतात, आणि त्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेले ओले अस्तर असते. बाहेरची हवा त्यांवरून जाताना गरम आणि दमट होते. फुप्फुसात खोलवर पोचेपर्यंत ती सुमारे ३७ अंशांची आणि पाण्याच्या वाफेने पूर्ण भरलेली झालेली असते. हे काम किती मोठे आहे ते आकड्यांवरून ध्यानी येईल. १५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने मावते. ३७ अंशांच्या तेवढ्याच हवेत सुमारे ४४ ग्रॅम मावते. म्हणजे थंडीच्या रात्री घेतलेल्या प्रत्येक श्वासाला दोन तृतीयांशाहून अधिक पाणी नाकाला आणि श्वासाच्या वाटेला पदरचे द्यावे लागते. एरवी आपण नाकानेच श्वास सोडतो, तेव्हा त्यातील काही ओलावा नाक परत घेते आणि हिशेब जुळतो.

यंत्राची हवा दाबाने येते. ती थंड आणि कोरडी असली म्हणजे नाक आपले काम अधिक नेटाने करू लागते. अस्तरातील रक्तवाहिन्या भरतात, अस्तर सुजते आणि वाट अरुंद होते. आडवे झाल्यावर नाकात रक्त अधिक साठते, त्यामुळे रात्री ही सूज आणखी जाणवते. नाक बंद झाले की झोपलेला माणूस नकळत तोंड उघडतो. मग यंत्राची हवा नाकातून आत शिरते आणि तोंडावाटे थेट निघून जाते. ओलावा परत मिळण्याचा मार्गच बंद होतो, नाक अधिक कोरडे पडते, अधिक सुजते, तोंड अधिक उघडते. १९९६ साली सिडनीच्याच संशोधकांनी हे दुष्टचक्र मोजून दाखविले. तोंडावाटे हवा निसटू लागली की नाकातील अडथळा पुष्कळ वाढतो, आणि हवा गरम करून दमट केली तर ती वाढ बव्हंशी टळते, असे त्यांना आढळले. नुसत्या गार पाण्यावरून हवा नेल्याने तसा गुण आला नाही. ऊब आणि ओलावा ही दोन्ही एकत्र लागतात, हे त्यावरून स्पष्ट होते.

म्हणून यंत्राला पाण्याचे एक छोटे भांडे जोडलेले असते, आणि त्याच्या तळाशी तापणारी पट्टी असते. यालाच ‘ह्युमिडिफायर’ म्हणतात. किती ओलावा हवा तो आकडा यंत्राच्या पडद्यावर लावता येतो. काही यंत्रांत १ ते ५, तर काहींत १ ते ८ असे टप्पे असतात. याखेरीज काही नळ्यांच्या अंगातच बारीक तार असते, आणि त्या तारेने नळी आतून गरम राहते. तिचे तपमान वेगळे लावावे लागते. हे दोन आकडे बदलण्याची मुभा रुग्णाला असते. हवेचा दाब मात्र डॉक्टरांच्या अखत्यारीतला विषय आहे. त्याला आपण हात लावू नये.

हे दोन आकडे एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, हे मला पहिल्याच हिवाळ्यात शिकावयास मिळाले. पावसाळा सरताना माझे यंत्र आले. बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाने आठांपैकी ओलाव्याचा आकडा ३ आणि नळीचे तपमान २४ अंश लावून दिले, आणि ऑक्टोबर महिना सुखाने गेला. डिसेंबर लागला. आमचा बेळगावचा परिसर समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास. कौलारू खोलीत पहाटे चांगलाच गारठा पडतो. रात्री दोनच्या सुमारास माझे नाक बंद होऊ लागले आणि सकाळी आवाज बसू लागला. नाताळाची मध्यरात्रीची मिस्सा तोंडावर आलेली, आणि घशातून सूर निघेना. मी तंत्रज्ञाला दूरध्वनी केला. तो म्हणाला, “फादर, दोन्ही आकडे एकदम हलवू नका. एक हलवा, तीन रात्री पाहा, आणि मग दुसऱ्याकडे वळा. नाहीतर गुण कशाने आला तेच कळणार नाही.” हा सल्ला मला अतिशय शहाणपणाचा वाटला.

त्याप्रमाणे ओलावा ४ केला. थोडा फरक पडला. ५ केला, नाक पहाटे चारपर्यंत उघडे राहिले. ६ केला तेव्हा नाक बंद झाले नाही, परंतु पहाटे नळीतून गुडगुड आवाज येऊ लागला आणि मास्कमधून नाकावर पाण्याचे थेंब पडले. भाताच्या पातेल्यावरील झाकण उचलले म्हणजे आतून पाणी ठिबकते ना, तोच हा प्रकार. भांड्यातून निघालेली गरम, दमट हवा थंड नळीतून येताना निवते आणि तिच्यातील वाफेचे पुन्हा पाणी होते. म्हणजे भांड्याने पाणी दिले खरे, पण ते नाकापर्यंत पोचण्याऐवजी वाटेतच सांडले. तेव्हा ओलावा ६ वरच ठेवून नळीचे तपमान २७ अंश केले. थेंब थांबले, गुडगुड थांबली, आणि नाक सकाळपर्यंत मोकळे राहू लागले. यावरून पक्के ध्यानात ठेवण्याजोगे सूत्र असे, की भांडे हवेला पाणी देते आणि नळीची ऊब ते पाणी हवेत टिकवून ठेवते. नाक कोरडे पडून बंद होत असेल तर ओलावा वाढवावा. नळीत पाणी साठत असेल तर नळीची ऊब वाढवावी, आणि तेवढ्याने न भागल्यास ओलावा एक टप्पा उतरवावा.

ज्यांच्या नळीत तापणारी तार नाही त्यांनीही निराश होऊ नये. जुन्या लोकरी स्वेटरची बाही किंवा गोधडीचा तुकडा नळीवर पिशवीसारखा शिवून चढवावा, अथवा नळी पांघरुणाखालून घ्यावी. यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली, लहानशा चौरंगावर ठेवावे, म्हणजे साठलेले पाणी तोंडाकडे न येता भांड्याकडे परत जाईल. पलंग खिडकीच्या झोतात असेल तर तो सरकवावा. या साऱ्याला एक पैही खर्च येत नाही.

माझ्यापुरते हे प्रकरण सकाळच्या आवाजाचे होते. परंतु याच अडचणीत एखाद्या घराचा संसार कसा पणाला लागतो, ते मला पुढच्या जानेवारीत दिसले. आमच्या बाजूने गोव्याला रोज भाजी जाते. संध्याकाळी टेंपो भरतात, आणि मध्यरात्रीनंतर चोर्ला घाट उतरून पहाटेपूर्वी माल बाजारात पोचवावा लागतो. अशीच गाडी चालविणाऱ्या एका गृहस्थाची पत्नी एके दिवशी भेटावयास आली. वय पन्नाशीच्या पुढचे, बाई मोठी धीराची. पण त्या दिवशी तिचा आवाज कापत होता. ती म्हणाली, “फादर, सोसायटीचं कर्ज काढून यंत्र आणलं. तीन आठवडे लावलं आणि आता ते कपाटात साड्यांच्या खाली पडलंय. म्हणतात, नाक बंद होतं, जीव गुदमरतो. आणि रात्री एक वाजता गाडी घेऊन घाट उतरतात. परवा वळणावर डोळा लागला होता, असं क्लीनर सांगत होता.”

त्या गृहस्थाच्या झोपेची तपासणी झालेली होती, आणि त्याचा विकार तीव्र वर्गातला होता. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. यंत्र बाहेर काढून पाहिले. पाण्याचे भांडे कोरडे ठणठणीत होते. डिस्टिल्ड पाण्याची पहिली बाटली संपल्यावर दुसरी आणली गेली नव्हती, कारण ते पाणी गावात मिळत नाही. ओलाव्याचा आकडा बंदवर होता. पलंग खिडकीला लागून होता, आणि जानेवारीचे वारे थेट उशीवर येत होते. शेजारच्या स्वयंपाकघरात चूल पेटत होती, आणि यंत्राच्या मागची पांढरी गाळणी धुराने व धुळीने राखी रंगाची झाली होती. म्हणजे थंड, कोरडी आणि वर धुळकट हवा त्याच्या नाकात दाबाने शिरत होती. अशा हवेपुढे कोणाचेही नाक बंद झाले असते. यंत्र मानवत नाही असे ठरविण्यासारखे त्यात काही नव्हते.

त्या रात्रीपासून आम्ही क्रमाने उपाय केले. गाळणी बदलली. पलंग आतल्या भिंतीला लावला. तालुक्याच्या औषधांच्या दुकानातून डिस्टिल्ड पाणी आणविले. ओलावा ४ पासून सुरू करून दर तीन रात्रींनी पाहिला, आणि नळी २७ अंशांवर ठेवली. परंतु एवढ्याने सारे काम झाले असे मी म्हणणार नाही. त्या गृहस्थाला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठविले, तेव्हा नाकातील पडदा किंचित वाकडा आहे आणि धुळीच्या ॲलर्जीने अस्तर सुजले आहे असे आढळले. त्यांनी नाकात मारावयाचा फवारा रोज घेण्यास सांगितला. या दिवसांत गाडी त्याच्या धाकट्या भावाने चालविली, आणि घरात येणारा पैसा निम्म्यावर आला. तो काळ त्या घराला कठीण गेला, हे मी जवळून पाहिले आहे.

यंत्रावर रोज किती तास वापर झाला त्याची नोंद दिसते. पहिल्या रात्री तीन तास, आठवडाभराने चार, पंधरा दिवसांनी साडेपाच तास, अशी ती नोंद वाढत गेली. दुपारी झोपतानाही मास्क लावावा, कारण दुपारच्या झोपेतही घसा तसाच मिटतो, हे त्याला डॉक्टरांनी बजावले होते. रात्रपाळी करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मार्च महिन्यात डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतर तो पुन्हा घाट उतरू लागला. आजही काही रात्री त्याचे नाक त्रास देते. परंतु यंत्र पुन्हा कपाटात गेलेले नाही. त्याच्या पत्नीने भिंतीवरील दिनदर्शिकेत प्रत्येक महिन्याच्या पानावर दोन आकडे लिहून ठेवले आहेत: एक ओलाव्याचा, दुसरा नळीच्या तपमानाचा. शाळेत ती चौथीपर्यंतच गेली. पण या विषयावर तिच्याइतकी व्यवस्थित टिपणे मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

तिच्या या दिनदर्शिकेतच या विषयातील मुख्य मर्म आहे. आपल्या प्रदेशात वर्षभर एकच आकडा चालत नाही. हिवाळ्यात हवा थंड आणि कोरडी, म्हणून ओलावा अधिक आणि नळीची ऊब अधिक. एप्रिल-मे महिन्यांत खोलीच तापलेली असते. त्या वेळी हिवाळ्याचे आकडे तसेच ठेवले तर हवा शिजवल्यासारखी वाटते, आणि काहींचे नाक त्या अति उबेनेच चोंदते. तेव्हा दोन्ही आकडे टप्प्याटप्प्याने उतरवावेत. यंत्र हवा गरम करू शकते, गार करू शकत नाही, हेही लक्षात असावे. पावसाळ्यात खानापूरकडच्या गावांतून कपडे आठवडाभर वाळत नाहीत. हवाच ओली असते. त्या दिवसांत भांड्यातील पाणी कमी लागते, आणि आकडा खाली आणला नाही तर नळीत पाणी साठते. मात्र ओलावा पूर्ण बंद करण्याची घाई करू नये. पावसाळी रात्रीची २२ अंशांची हवा कितीही दमट असली तरी तिच्यात घनमीटरमागे २० ग्रॅमपेक्षा अधिक पाणी मावत नाही. ४४ पर्यंतचे अंतर नाकालाच भरून काढावयाचे असते.

आता पाण्याविषयी आणि स्वच्छतेविषयी थोडे. भांड्यात डिस्टिल्ड पाणी घालावे. विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यातील क्षार भांड्याच्या तळाशी पांढरे थर धरतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. गॅरेजमध्ये मिळणारे बॅटरीचे पाणी माणसाच्या श्वासासाठी तयार केलेले नसते; ते वापरू नये. रात्रीचे उरलेले पाणी सकाळी ओतून टाकावे, भांडे आठवड्यातून निदान एकदा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. पाणी भरलेले यंत्र उचलून इकडे-तिकडे नेऊ नये, कारण पाणी मोटारीत शिरते. आणि आपल्या घरांतून वाफ घेताना निलगिरीचे तेल, ओवा, कापूर किंवा बाम घालण्याची जी रीत आहे, ती या भांड्याला मुळीच लावू नये. ही वाफ पाच मिनिटांची नसते. ती रात्रभर दाबाने फुप्फुसात जाते. भांड्यात पाण्याशिवाय काही पडता कामा नये.

निजण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास पुष्कळांना आराम पडतो. त्यासाठी पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे. औषधांच्या दुकानात नाक तत्काळ मोकळे करणारे जे थेंब मिळतात, ते मात्र जपून वापरावेत. चार-पाच दिवसांहून अधिक घातल्यास नाक उलटून अधिकच चोंदते, आणि थेंबांवाचून झोप येईनाशी होते. झोपेत तोंड उघडे राहत असेल तर ते तंत्रज्ञाला सांगावे. तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क किंवा हनुवटीचा पट्टा कधी उपयोगी पडतो. सकाळी भांडे पार कोरडे आढळले, तर मास्कच्या कडेने किंवा तोंडावाटे हवा निसटत आहे काय ते तपासावे.

खेड्यांतून विजेचा प्रश्नही असतो. इन्व्हर्टरवर यंत्र चालवावे लागले तर ध्यानात ठेवावे, की सर्वांत अधिक वीज पाणी तापविण्यास आणि नळी गरम ठेवण्यास लागते, हवा सोडण्यास नव्हे. बॅटरी रात्रभर पुरावी असे वाटत असेल तर त्या रात्रीपुरता ओलावा आणि नळीची ऊब बंद करावी. नाक थोडे कुरकुरेल. परंतु श्वासाची वाट उघडी राहील.

ओलावा आणि ऊब यांची जुळणी करूनही दोन-तीन आठवड्यांत नाक मोकळे झाले नाही, वारंवार रक्त येऊ लागले, ताप आला, पिवळा-हिरवा स्राव वाहू लागला, कान किंवा गाल दुखू लागले, तर यंत्राचे आकडे हलवीत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. पडदा वाकडा असणे, नाकात मांस वाढणे, ॲलर्जी असणे या गोष्टी कोणत्याही आकड्याने बऱ्या होत नाहीत, आणि त्यांवर निराळे उपचार आहेत.

अखेरीस घरातील माणसांना एक विनंती. झोपलेल्याला आपले घोरणे ऐकू येत नाही, आपला अडलेला श्वास कळत नाही आणि आपले उघडे तोंड दिसत नाही. हे सारे पाहते ते पत्नी, पती, मुलगा किंवा सून. तुमच्या घरी असे यंत्र असेल आणि ते सध्या कपाटात असेल, तर ते बाहेर काढा, भांडे धुवा, गाळणी पाहा, आणि तंत्रज्ञाला एकदा बोलावून ओलाव्याचा व नळीचा आकडा कोठे दिसतो ते सर्वांनी शिकून घ्या. दिवाळीनंतर गारठा पडू लागला की ओलावा एकाने वाढवा, तीन रात्री पाहा, आणि ठरलेला आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच उपयोगी पडेल.